टाकी पुरण्याआधी विहीर मोजा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर तालुक्यातल्या जमिनीच्या भावाची चर्चा चहाच्या टपरीवर येऊन बसली. (त्या दिवशी जागतिक पर्यावरण दिन होता, हा निव्वळ योगायोग.) रस्ता आला की ढाबे येतात, गोदामं येतात, पेट्रोल पंप येतात. येऊ देत. डोळखांबच्या ट्रॅक्टरवाल्यालाही डिझेल जवळ मिळायला हवं. पण पंप म्हणजे जमिनीत पुरलेल्या हजारो लिटरच्या टाक्या, आणि त्याच जमिनीत पाझरलेल्या पावसावर आपल्या विहिरी भरतात. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला पाजून स्वतः मे महिन्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला विहिरीची किंमत सांगायला नको.

इंधनसाठ्याच्या प्रदूषणावरचा आपल्याकडचा गाजलेला निकाल मुंबईतल्या माहुलचा. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या दोन तेल कंपन्या आणि दोन साठवणूक कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली. ते प्रकरण हवेचं होतं. माहुलकरांच्या नाकात वास जात होता, म्हणून ते भांडले. जमिनीखालच्या गळतीला असा फिर्यादी लवकर मिळत नाही. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली भूमिगत तेलवाहिनी गळत असल्याचा बोभाटा झाला, तो रहिवाशांच्या बोअरच्या पाण्यालाच इंधनाचा वास यायला लागल्यावर.

आणि वास येईपर्यंत थांबणं परवडत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. ते कर्करोगकारक आहे आणि पेट्रोलमधल्या इतर बऱ्याच घटकांपेक्षा पाण्यात चांगलं विरघळतं. भारतात पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची शिफारस लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशेब करून पाहा: एका लिटर पेट्रोलमधलं पूर्ण १ टक्का बेंझीन पाण्यात उतरलं, तर साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ ८८ टँकर.

या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचा मुख्य अभियंता, एर्नी लाऊ. हवाई बेटांवर रेड हिल नावाच्या टेकडीच्या पोटात अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २० अजस्र टाक्या बांधल्या. एकेकीत पावणेपाच कोटी लिटर इंधन मावेल एवढ्या. त्यांच्या तळापासून जेमतेम १०० फुटांखाली शहराला पाणी पुरवणारा जलधर खडक. २०१४ मध्ये एका टाकीतून लाखभर लिटर इंधन गळालं. टाक्यांना दुहेरी भिंत घाला, नाहीतर त्या इथून हलवा, असं लाऊ तेव्हापासून सांगत राहिले. पुढे नौदलाशी करार झाला आणि सुधारणेसाठी तब्बल दोनेक दशकांची मुदत दिली गेली! नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा गळती झाली आणि इंधन थेट नौदलाच्याच विहिरीत उतरलं. त्या पाण्यावर सुमारे ९३ हजार माणसं होती. लाऊ यांनी शहराला जवळपास पाचवा हिस्सा पाणी देणारी हलावाची विहीर तातडीने बंद केली. तिच्यात इंधन सापडलं म्हणून नव्हे. उपसा चालू ठेवला तर ते तिकडे ओढलं जाईल म्हणून. मार्च २०२२ मध्ये साठा कायमचा बंद करण्याचा आदेश निघाला.

हवाईचं एवढं कौतुक कशाला? कारण तिथला खडक बसाल्ट आहे, आणि आपलाही. त्यांचा तरुण आणि सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि घट्ट, एवढा फरक. आपल्याकडे पाणी मुरमात, सांध्यांत आणि भेगांत असतं. वाळूत गळालेलं तेल निदान अंदाज येईल असं पसरतं. भेगेत शिरलेलं कुठे निघेल, हे पृष्ठभाग पाहून सांगता येत नाही. जवळची विहीर सुटेल आणि उतारावरची लांबची सापडेल.

त्यात आपला पाऊस. तेल पाण्यावर सायीसारखं तरंगतं. पावसाळ्यात पाणी वर चढतं तेव्हा बरंच तेल मुरमाच्या पोकळ्यांत अडकून पाण्याखाली राहतं. विहिरीतला थर पातळ होतो, कधी दिसेनासाही होतो, आणि सगळे म्हणतात, गेलं. मे महिन्यात पातळी उतरली की तेच तेल सुटून पुन्हा विहिरीत जमतं. त्यामुळे ऑगस्टमधल्या एकाच तपासणीचा ‘सर्व ठीक’ असा अहवाल मी तरी मानणार नाही.

निरीक्षणाचं तंत्र फार अवघड नाही. टाक्यांच्या चढाला एक आणि उताराला दोन-तीन अरुंद बोअर घ्यायचे. त्यांत टेपच्या टोकाला संवेदक लावून सोडतात. टोक तेलाला लागलं की सलग आवाज, पाण्याला लागलं की तुटक. दोहोंमधलं अंतर म्हणजे तेलाच्या थराची जाडी. पंपावर रोज सकाळी टाकीत पट्टी बुडवून डिप घेतात, ते पुरेसं नाही. उडून गेलेलं, तापमानाने आकुंचलेलं, मीटरमधला फरक, या तुटीच्या खात्यात बारीक गळती सहज खपून जाते.

साफसफाईच्या जाहिरातींवर मात्र फार भिस्त ठेवू नका. वरचा थर उपसतात, मातीतली वाफ ओढून घेतात, पाणी काढून हवेने आणि कोळशाने शुद्ध करतात. जिवाणूही तेल खातात. पण अमेरिकेत बेमिजीजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये कच्च्या तेलाची वाहिनी फुटली, १७ लाख लिटर तेल सांडलं, त्यातलं सुमारे चार लाख लिटर उपसता आलं नाही आणि शास्त्रज्ञ अनेक दशकं त्याचा अभ्यास करत आहेत. तेही वाळूत.

आपल्या पाड्यांवर जल जीवन मिशनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या बायका पेटीतल्या बाटल्यांनी पाणी तपासतात. आम्लता, फ्लोराइड, नायट्रेट, जिवाणू, सगळं त्या पेटीत आहे. बेंझीन नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं.

पंपाला जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितलं. अडचण असेल तर जादा सुरक्षा घेऊन ३०, त्याहून कमी नाही. शहापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात आहे, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा पुढच्या वेळी नव्या पंपाचा विषय निघाला की ग्रामसभेने एक अट ठरावात लिहून घ्यावी: टाकी पुरण्याआधी आसपासच्या विहिरींचं पाणी बेंझीनसाठी तपासून अहवाल पंचायतीत ठेवा, आणि नंतर दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासा, खर्च पंपवाल्याचा. पहिला अहवाल हाती नसेल, तर उद्या विहीर बिघडल्यावर ती आधीपासूनच तशी होती, असं कोणीही म्हणू शकेल.