नवजात शिशूच्या अंगावरील फोड : एपिडर्मोलायसिस बुलोसाचे निदान

नवजात शिशूस अभ्यंग हितकर होय. तथापि जन्मतः वा पहिल्या काही दिवसांत हात, टाचा, लंगोटाची कडा अशा घर्षणाच्या जागी फोड उठून त्वचा सोलवटत असेल, तर तेल व डाळीचे पीठ चोळणे तत्काळ थांबवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

एपिडर्मोलायसिस बुलोसा हा आदिबलप्रवृत्त व्याधी. त्यात त्वचेचे स्तर सांधणारी प्रथिने सदोष असतात : सिम्प्लेक्स प्रकारात बहुधा केराटिन ५ वा १४, जंक्शनलमध्ये बहुधा लॅमिनिन ३३२, डिस्ट्रॉफिकमध्ये कोलॅजन ७. कुलवृत्त अवश्य विचारावे. मात्र मातापिता निरोगी असले तरी व्याधी संभवतो. मातेच्या आहारविहारास दोष देऊ नये.

जंतुसंसर्ग, हर्पिस व सहज फिरंग यांचा व्यवच्छेद त्वरित करावा, कारण त्यांची चिकित्सा विलंब सोसत नाही. केवळ दर्शनाने प्रकार ठरत नाही. ताज्या फोडाच्या त्वचेची इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी व जनुकतपासणी हवी.

शिशूस त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविताना बगलेत धरून उचलू नये. औषधालयचालकांनी चिकटपट्टी न देता न चिकटणारी व्रणपट्टीच द्यावी. येथे वैद्याचे पहिले कर्म लेप नव्हे, ओळख होय.