राणी पाकोळीचे माहेर: लिंबोणीचे झाड

श्रावणातली सकाळ. ऊन-पावसाचा लपंडाव चाललेला. कुंपणावरून तळहाताएवढे काहीतरी काळे-निळे येते, जास्वंदीवर क्षणभर टेकते आणि छपरावरून पसार होते. पोरे ओरडतात, ‘आई, केवढा पक्षी!’

पक्षी नव्हे, ते ब्लू मॉरमॉन नावाचे फुलपाखरू. मराठीत कुणी त्याला राणी पाकोळी म्हणतात, कुणी नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे फुलपाखरू ठरवणारे हे देशातले पहिलेच राज्य! ‘मॉरमॉन’ ही मात्र इंग्रजांची थट्टा. याच्या भाऊबंदांतल्या कॉमन मॉरमॉनच्या माद्या निरनिराळ्या रूपांत दिसतात. तेवढ्यावरून त्यांना अमेरिकेतला, एकेकाळी अनेक बायका करणारा मॉर्मन पंथ आठवला. निळ्याच्या गळ्यात ते नाव उगाचच पडले.

ओळखायला ते सोपे आहे. पसरलेले पंख १२ ते १५ सेंटिमीटर, रंग मखमली काळा. मागच्या पंखांचा बाहेरचा भाग फिकट निळा, त्यावर काळे ठिपके. पुढच्या पंखांवर निळ्या रेघांचा पट्टा. पंख मिटले की खालच्या बाजूला, अगदी मुळाशी, लाल ठिपके दिसतात. कॉमन मॉरमॉनचा नरही काळाच, पण लहान. त्याचा पट्टा पांढरा आणि मागे शेपटी. ब्लू मॉरमॉनला शेपटी नाही. ब्लू टायगर निळसर असले तरी बरेच लहान आणि उडायला संथ.

भारत आणि श्रीलंका हे त्याचे मुख्य घर. सह्याद्रीची भरपूर पावसाची जंगले त्याला विशेष मानवतात. कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत ते भेटते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर नर क्षार शोषत बसतात. एरवी बिथरून उडणारे हे फुलपाखरू नीट न्याहाळायची तीच संधी. पण त्यासाठी जंगलच गाठायला हवे असे नाही. मुंबई-बंगळूरच्या बागांतही ते येते, कारण त्याच्या अळ्यांना लिंबाच्या कुळातली पाने लागतात. रानात माकडलिंबू, घरी लिंबोणी किंवा पपनस.

आणि इथेच घोटाळा होतो. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी! मोठी झाली की हिरवी होते, पाठीवर खोटे डोळे उमटतात. डिवचले तर डोक्यामागून दुबेळक्यासारखे लाल शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. गृहिणी घाबरते, माळी फवारा आणतो. लिंबाच्या रोपांचा खरा उपद्रवी म्हणजे पिवळे-काळे लिंबू फुलपाखरू. पण त्याच्या अळ्याही अशाच दिसतात, त्यामुळे औषधाने सगळ्याच मरतात. मग तीच मंडळी पावसाळ्यात विचारतात, ‘हल्ली फुलपाखरे कुठे गेली?’

झाड मोठे असेल तर दोन-चार अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही. एखादी फांदी त्यांच्यासाठी सोडावी. पोट भरले की अळी रेशमाच्या दोऱ्याने स्वतःला काटकीशी बांधून घेते आणि तिचा कोश होतो. साधारण दोन आठवड्यांनी एका सकाळी तो उकलतो. आतून ओले, चुरगळलेले पंख बाहेर येऊन लोंबू लागतात आणि बघता बघता ताठ, निळे होतात.