ठरले, पण का ठरले?

विद्यापीठाचा इतिहास म्हटला की राजाबाई टॉवरचे छायाचित्र, कुलगुरूंची नामावली आणि पदवीदान समारंभातली भाषणे, एवढ्यावर आपले भागते. माझ्या मते खरा इतिहास सिनेट, विद्यापरिषद आणि अभ्यास मंडळांच्या इतिवृत्तांत आहे. काय शिकवायचे आणि ते कोणी ठरवायचे, हे वाद तिथेच लढले गेले.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, तेव्हा कारभार कुलपती, कुलगुरू आणि फेलो यांच्या सिनेटकडे आला. फेलो तहहयात नेमले जात. न्यायमूर्ती रानडे, तेलंग, भांडारकर, फिरोजशहा मेहता अशी माणसे या सभेत बसली. तेलंग १८९२ साली पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर भांडारकर आले. देशी भाषांना विद्यापीठात जागा मिळावी म्हणून रानड्यांनी वर्षानुवर्षे बाजू मांडली. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरचे त्यांचे १८९८ चे टिपण याच खटपटीतले.

मग व्हाइसरॉय कर्झन आले. त्यांच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने फेलोंची मुदत पाच वर्षांवर आणली आणि त्यांची कमाल संख्या शंभर ठरवली. त्यांतले ऐंशीपर्यंत फेलो कुलपतींनी, म्हणजे गव्हर्नरांनी नेमायचे! गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला, तो उगाच नव्हे. निवडलेले किती आणि नेमलेले किती, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले डोंगरकेरी यांनी १९५७ साली शंभर वर्षांचा इतिहास लिहिला. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कारभाराची कागदपत्रे हाताळलेल्या माणसाने इतिहास लिहावा, हा योग आपल्याकडे फार दुर्मीळ.

चांगले इतिवृत्त कसे असते? ठरावाचा क्रमांक, सूचक, अनुमोदक, उपसूचना, बाजूने किती, विरुद्ध किती, आणि कोणी भिन्न मत नोंदवले. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला सभा डोळ्यांपुढे उभी राहते. हल्ली मात्र ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर काम उरकते. चर्चा काय झाली, याचा पत्ता नाही. ही मला मोठी हानी वाटते.

कधी तर सभाच मागे पडते. २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली, ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. पुस्तक ठेवावे की काढावे, यावर आधी शिक्षकांच्या मंडळात खल व्हायला हवा होता आणि तो कागदावर यायला हवा होता.

कायद्याचे पाठबळ नाही असे नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थेने आपले अभिलेख सूची करून नीट लावून ठेवायचे आहेत. विद्यापीठ त्यात आलेच. मग जुनी इतिवृत्ते स्कॅन करून, विषयवार सूचीसह, कोणालाही वाचता येतील अशी ठेवायला अडचण कसली?

अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, निवडून गेलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो, तेव्हा मान डोलावू नका, आपले म्हणणे त्यात आले आहे का ते पाहा, नसेल तर दुरुस्ती मागा. आणि निवृत्त प्राध्यापकांनो, माळ्यावरचे विषयपत्रिकांचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा.