बैलाच्या अंगातील शेगडी

जून २०२२ च्या मध्यास अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागात काही दिवसांतच किमान २,००० गुरे दगावली. साथीचा रोग नव्हता की चाऱ्याची टंचाई नव्हती. उलट गुरे चांगली धष्टपुष्ट होती. मग ती मेली कशाने? उत्तर पदार्थविज्ञानात सापडते.

अमेरिकेत मांसासाठी गुरे कशी पाळतात, हे प्रथम पाहू. वासरू सहा-आठ महिन्यांचे होईपर्यंत कुरणात आईपाशी असते. पुढे काही काळ ते गवतावर वाढते. शेवटचे चार ते सहा महिने त्याला कुंपण घातलेल्या उघड्या आवारात ठेवून मुख्यतः मका चारतात. या आवारांना ‘फीडलॉट’ म्हणतात. कॅन्सस, नेब्रास्का व टेक्सास ही राज्ये त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे एकेका ठिकाणी हजारो गुरे असतात.

उष्णतेचा हिशेब

भरपूर खाणारा ५५० किलोग्रॅम वजनाचा बैल सुमारे एक किलोवॅट दराने उष्णता निर्माण करतो. घरातील विजेची लहान शेगडी एवढीच उष्णता देते! पोटात चारा आंबताना आणि अन्नाचे शरीरात रूपांतर होताना ही उष्णता निर्माण होते.

आता समजा, यातील काहीच उष्णता बाहेर गेली नाही. शरीराचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशास सुमारे ३.५ किलोज्यूल धरू. म्हणजे तापमान १° सें. वाढण्यास ५५० × ३.५ = १,९२५ किलोज्यूल लागतील. एक किलोवॅट म्हणजे सेकंदाला एक किलोज्यूल. तेव्हा सुमारे ३२ मिनिटांत बैलाला एक अंश ताप चढेल!

प्रत्यक्षात वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन या चार मार्गांनी उष्णता बाहेर पडत असते. परंतु गुरांच्या शरीराचे तापमान सुमारे ३९° सें. असते. हवाही तितकीच तापली की पहिले तीन मार्ग जवळजवळ बंद होतात. वर काळ्या कातडीवर पडणारे ऊन आणखी उष्णता ओतते. उरते ते बाष्पीभवन. एक किलोग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणून केवळ अंगातील शेगडीची उष्णता घालविण्यास तासाला दीड किलोग्रॅम पाणी उडून गेले पाहिजे. हवा दमट असेल आणि वारा पडला असेल, तर हे कसे व्हावे?

कॅन्ससमध्ये नेमके हेच झाले. तापमान ३८° सें. च्या वर गेले, दमटपणा वाढला आणि वारा मंदावला. एरवी दिवसा साठलेली उष्णता गुरे रात्री बाहेर टाकतात. पण त्या दिवसांत रात्रीही पुरेशा गार झाल्या नाहीत.

उपाय कोणते?

सावली हा पहिला उपाय. दुसरा उपाय पाणी शिंपडण्याचा. मात्र थेंब मोठे हवेत, म्हणजे कातडी भिजते. नुसत्या धुक्यासारख्या तुषारांनी हवाच अधिक दमट होते. तिसरा उपाय म्हणजे खाद्य संध्याकाळी देणे. खाल्ल्यावर काही तासांनी शरीरातील उष्णता सर्वाधिक होते. ती वेळ मग रात्रीच्या गारव्यात येते.

चौथा उपाय वंशाचा, आणि तो आपल्या देशाशी निगडित आहे. भारतीय वशिंडाच्या गुरांचे केस आखूड व तुकतुकीत असतात, त्यांना घाम चांगला येतो आणि ती अंगात उष्णताही कमी निर्माण करतात. गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही प्रमाणात आपल्या कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ या जातींपासून अमेरिकेत ‘ब्राह्मन’ ही जात तयार झाली. तिच्या आणि काळ्या अँगस जातीच्या संकरातून निघालेल्या ‘ब्रँगस’ गुरांत ३/८ वंश ब्राह्मनचा असतो. पण अँगसचे मांस अधिक मऊ असल्याने थंड हिवाळ्याच्या राज्यांत तिलाच पसंती मिळते.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. दोन तापमापक घ्या आणि एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा. दोन्हींना सारखाच वारा घालून त्यांच्या तापमानांतील फरक टिपा. मे महिन्यातील कोरड्या दुपारी आणि जुलैतील पावसाळी दिवशी हा फरक किती येतो? तो जितका कमी, तितकी घामाची मदत कमी. मग गोठ्यातल्या गाईकडे, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाकडेही, त्या दृष्टीने पाहा.