मांडव्याचा धक्का आणि मिनिटाला नऊ हजार फेरे

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला लागते. १५ मार्च २०२० रोजी ही सेवा सुरू झाली. पनवेल-वडखळमार्गे शंभरावर किलोमीटरचा खड्ड्यांचा फेरा वाचला आणि शनिवारी सकाळी बोटीच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांमध्ये एखादी बुटकी, रुंद, जमिनीला जवळजवळ घासणारी स्पोर्ट्स कारही दिसू लागली. गावातली पोरं मोबाइल काढतात, गाडी दोनदा गुरगुरते आणि पुढच्याच गतिरोधकाशी येऊन तिरकी होते.

त्याच धक्क्याच्या आसपास आणखी दोन जातींची इंजिनं ऐकू येतात. कोळ्यांच्या बोटीचं डिझेल इंजिन संथ ठोक्यात बोलतं. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटीचं, मागे टांगलेलं पेट्रोल इंजिन मात्र किंचाळतं. इंधन जाळून दांडा फिरवण्याचं एकच काम दोन्ही करतात, पण पहिलं मिनिटाला फार तर दोन हजारांच्या आसपास फेरे घेतं, दुसरं पाच-सहा हजार. किनाऱ्यावरच्या जेट-स्कीचं तर सात-आठ हजार. मोटारशौकिनांमध्ये ‘खालचा टॉर्क बरा की वरचे फेरे’ हा वाद कधी संपत नाही. तो समजून घ्यायला शर्यतीच्या ट्रॅकपेक्षा रायगडचा किनारा मला जास्त उपयोगी वाटतो, कारण इथे या वादाची दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात सापडतात.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. जात्याचा खुंटा मधोमध न ठोकता कडेला का ठोकतात, हे दळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मध्यापासून जितकं दूर धरावं तितक्या कमी बळात जातं फिरतं. बळ गुणिले अंतर, हा झाला टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये मोजलेला. पण जातं एकदा फिरवलं काय आणि शंभरदा फिरवलं काय, टॉर्क तोच राहतो. दळण किती निघालं हे फेऱ्यांवर ठरतं. म्हणून शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. हिशेब सोपा आहे: न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ९५४९ ने भागायचं, की किलोवॉट हाती येतात. या वादातले निम्मे गैरसमज हा एक भागाकार न केल्यामुळे टिकून आहेत.

मच्छीमार बोटीला हा हिशेब असा लागू पडतो. भरतीच्या प्रवाहाविरुद्ध जाळं ओढायचं, मासळी आणि बर्फाने जड झालेली बोट बंदराला आणायची, तर पाण्याला हळू पण भरपूर ढकलणारा मोठा पंखा लागतो. लहान पंखा वेगाने फिरवला तर तो पाणी घुसळतो, बोट पुढे जात नाही आणि डिझेल फुकट जातं. म्हणून इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये फेरे कमी करणारा गिअरबॉक्स असतो. इंजिनाचे फेरे तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आले की पंख्याच्या दांड्यावरचा टॉर्क, थोडी घट वगळता, तितक्याच पटीने वाढतो. तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, इंजिनाच्या कागदावरचा टॉर्क नको असतो, त्याला पंख्यावरचा हवा असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटारीत नेमकं तेच लपलेलं असतं.

संथपणाचं शेवटचं टोक पाहायचं तर उत्तरेला उरणकडे जायला हवं. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथे लागणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजांत ज्या कुळाची इंजिनं असतात, त्या कुळातला एक नामांकित राक्षस म्हणजे चौदा सिलिंडरांचं वार्ट्सिला आरटी-फ्लेक्स ९६ सी. २००६ साली ‘एमा मर्स्क’ या जहाजावर ते बसलं. उंची चार मजली घराएवढी, वजन सुमारे २३०० टन, शक्ती ८०,०८० किलोवॉट म्हणजे लाखावर अश्वशक्ती. आणि हे सारं मिनिटाला अवघ्या १०२ फेऱ्यांवर. वरचा भागाकार उलटा केला तर टॉर्क निघतो सुमारे ७५ लाख न्यूटन-मीटर. अशा इंजिनाला गिअरबॉक्सच नसतो, दांडा थेट पंख्याला जोडलेला असतो. जहाज मागे घ्यायचं झालं तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करतात. इंधनातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त ऊर्जा ते दांड्यावर आणून देतं. मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ.

आता दुसरं टोक. होंडाची एस२००० ही १९९९ सालची दोन आसनी उघडी गाडी. इंजिन दोन लिटरचं, टर्बो नाही, तरी निर्यातीच्या गाडीत २४० अश्वशक्ती. ती मिळते ८३०० फेऱ्यांवर, आणि लाल रेघ ९००० ला. महत्तम टॉर्क मात्र २०८ न्यूटन-मीटर, तोही ७५०० फेऱ्यांवर. तिच्यासमोर त्याच काळातली अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेट ठेवा: ५.७ लिटर, आठ सिलिंडर, ४४०० फेऱ्यांवर ४७५ न्यूटन-मीटर, ५६०० वर ३४५ अश्वशक्ती. टॉर्क सव्वादोन पटींहून जास्त, पण शक्ती दीडपटही नाही. मधली तफावत होंडाने फेऱ्यांनी भरून काढली.

भरून काढण्याची किंमत पिस्टन देतो. जहाजाच्या त्या राक्षसात पिस्टन अडीच मीटर वर आणि अडीच मीटर खाली जातो. १०२ फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेआठ मीटर होतो. एस२००० चा पिस्टन हलतो फक्त ८४ मिलिमीटर. पण ९००० फेऱ्यांना तो मिनिटात दीड किलोमीटर कापतो, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर, तेही एका दिशेने सलग नव्हे. सेकंदाला तीनशे वेळा तो जागच्या जागी थांबतो आणि उलटा फिरतो. टोकाशी त्याच्यावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून मोठा असतो. जहाजाच्या पिस्टनला तो पंधरा-वीस पट भरतो. फेरे दुप्पट केले की हा झटका चौपट होतो. म्हणून प्रत्येक हजार फेरे आधीच्या हजारांपेक्षा महाग पडतात. हलके पिस्टन, मजबूत कनेक्टिंग रॉड, ताठ व्हॉल्व्ह-स्प्रिंग, तेल पोचवण्याची वेगळी तजवीज, सगळंच लागतं. डिझेल या शर्यतीत उतरतच नाही. दाबाने पेटणाऱ्या इंधनाला मिसळून जळायला वेळ लागतो, आणि तो दाब सोसायला भाग जड ठेवावे लागतात.

एकाच इंजिनाला खालचा टॉर्क आणि वरचे फेरे दोन्ही का जमत नाही, याचं उत्तर श्वासात आहे. पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत शिरते. फेरे जास्त असले तर हवेलाही गती आलेली असते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद केला तर ती स्वतःच्या जोरावर आणखी आत घुसते. तोच उशीर कमी फेऱ्यांवर केला तर पिस्टन वर येताना हवा बाहेर ढकलून देतो आणि खालचा टॉर्क गळतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा आकार एकदा घडवला की इंजिन कुठे दमदार आणि कुठे मरगळलेलं, हे बरंचसं ठरून जातं. होंडाने १९८९ पासून व्हीटेकमध्ये दोन वेगळे उंचवटे देऊन ही अट मोडली. ठरावीक फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह दुसऱ्या उंचवट्यावर चालू लागतात आणि इंजिनाचा स्वर बदलतो. आपल्याकडे २००० नंतर मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक ज्यांनी चालवली, त्यांना हा अनुभव अजून आठवत असेल. त्याआधीच्या पिढीला तो यामाहा आरएक्स-१०० ने दिला होता. ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती, पण साडेसात हजार फेऱ्यांवर. बुलेटवाले तिला डास म्हणत आणि सिग्नल सुटला की तिच्या मागे राहत.

आता रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूडकडे जाणारा रस्ता घ्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चढ-उताराची वळणं. समजा, एस२००० चौथ्या गिअरमध्ये ताशी साठने चालली आहे. इंजिन तीन हजारांच्या जरा खाली फिरतं आहे. तिथे १७० न्यूटन-मीटर मिळत असतील असं धरलं तर चालकाच्या हातात फक्त ५० किलोवॉट आहेत, म्हणजे पाटीवरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. समोर एसटी आली, ओलांडायची आहे, पाय दाबला, गाडी विचारात पडते. आता गिअर पाडून दुसऱ्यात आणा. वेग तोच साठ, पण फेरे पाच हजार, आणि ताकद जवळजवळ दुप्पट. चाकांवरचा टॉर्कही जवळजवळ दुप्पट झाला, कारण दुसऱ्या गिअरने इंजिनाचा टॉर्क जास्त पटीने वाढवून दिला. इंजिन तेच होतं, तांडेलाच्या गिअरबॉक्सने केलं तेच इथे घडलं. कॉर्व्हेटवाल्याला मात्र हात हलवायची गरज नाही. दोन हजार फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर धरले तरी त्याच्यापाशी ८४ किलोवॉट पायाखाली तयार आहेत.

म्हणून ‘टॉर्कने गाडी पळते, हॉर्सपॉवरने विकली जाते’ असं जे ऐकायला मिळतं ते मला अर्धवट वाटतं. ठरावीक वेगाला गाडीला पुढे ढकलणारं बळ हे त्या क्षणी मिळणाऱ्या शक्तीवरच ठरतं. ती मोठ्या टॉर्कातून आली की मोठ्या फेऱ्यांतून, चाकाला कळत नाही. कळतं ते चालकाला. खालचा टॉर्क म्हणजे न मागता मिळणारी शक्ती. वरचे फेरे म्हणजे गिअर बदलून, कानाने ऐकून कमावलेली शक्ती. माझं मत विचाराल तर मांडवा ते अलिबाग या वीसेक किलोमीटरसाठी पहिली हवी, वाटेवरच्या सासवणे-चोंढीच्या बाजारातून दुसरी निव्वळ ओझं आहे. मुंबईहून इकडे यायचा दुसरा मार्ग, अटल सेतू, तोही या बाबतीत दिलासा देत नाही. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा हा पूल चिर्ल्याला येऊन उतरतो, पण त्यावर वेगमर्यादा ताशी शंभर. एस२००० दुसऱ्या गिअरमध्येच तिथे पोचते. जाहिरातीतले महत्तम आकडे बाजूला ठेवून टॉर्कचा आलेख मागावा. तो किती वर गेला आहे यापेक्षा किती लांब सपाट राहिला आहे, हे जास्त सांगून जातं.

मराठी मुलुखात आणि त्याच्या शेजारी बनलेल्या दोन स्पोर्ट्स कारमध्येही हा फरक दिसतो. गोव्याच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली. फायबरची हलकी बॉडी आणि १.२ लिटरचं साठ अश्वशक्तीचं रेनॉ इंजिन. तिथे वजन कमी ठेवणं हाच उपाय होता. मोटार डिझायनर दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिसली. तिच्यात दोन लिटरचं टर्बो इंजिन आलं, अडीचशेच्या आसपास अश्वशक्तीचं. टर्बो निकास-वायूच्या जोरावर हवा कोंबतो, त्यामुळे लहान इंजिनाला मोठ्याचा खालचा टॉर्क मिळतो. पहिल्या टर्बोंना जाग यायला क्षणभर लागायचा. आता तो क्षण बराच आखडला आहे, आणि उंच फेऱ्यांची, टर्बोविना इंजिनं बाजारातून झपाट्याने कमी होत आहेत. शर्यतीत तर कॉसवर्थच्या व्ही-८ इंजिनाने २००६ साली फॉर्म्युला वनमध्ये वीस हजार फेरे गाठले. पुढच्याच वर्षी नियमाने १९,००० ची, २००९ ला १८,००० ची मर्यादा घातली.

विजेच्या मोटारीला श्वास घ्यावा लागत नाही. चुंबकीय ओढ शून्य फेऱ्यांपासून पूर्ण असते. बोरघाटात कर्जत-लोणावळ्याच्या ३७ ला १ या चढावर रेल्वेगाडीला मागून रेटणारी विजेची बँकर इंजिनं हेच गेली कित्येक दशकं करत आली आहेत. मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना कंपनीने बनवलेल्या ‘बत्तिस्ता’त चार मोटरी आहेत: १९०० अश्वशक्ती, २३०० च्या वर न्यूटन-मीटर, आणि थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभर दोन सेकंदांच्या आत. गिअर बदलायची भानगड नाही, व्हॉल्व्ह नाही, मागे-पुढे थांबणारा पिस्टन नाही. त्यामुळे आजच्या काही विद्युत मोटारींतले रोटर वीस हजार फेऱ्यांपलीकडे जातात, तेही दूध आणायला निघालेल्या माणसाला न कळता.