पेरू, की थांबू?

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव पुरतं. पण सिमल्याचं ऑफिस पुण्यात कसं, हे चौकातून रोज जाणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, १९४४ साली दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. दर उन्हाळ्यात मथळ्यांत उगवणाऱ्या 'अल निनो'च्या गोष्टीचा एक मोठा तुकडा त्या सिमल्याच्या कचेरीतला आहे.

१८७७ साली पावसानं दगा दिला. आदल्या वर्षीपासूनच दख्खनेत दुष्काळ होता, सोलापुरापासून मद्रासेपर्यंत माणसं अन्नावाचून मेली. हवामान खातं तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. पाऊस कसा होणार हे आधी कळलं पाहिजे, ही निकड तिथून सुरू झाली. १९०४ साली या खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. त्याला हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. बूमरँगच्या उड्डाणाचं गणित मांडल्यामुळे तो 'बूमरँग वॉकर' म्हणूनच ओळखला जाई. त्यानं केलं काय, तर जगभरच्या ठाण्यांचे हवेचा दाब, तापमान, पाऊस असे आकडे मागवले आणि कारकुनांची फौज बसवून हातानं त्यांची जुळवाजुळव सुरू केली. वर्षानुवर्षं हाच उद्योग. त्यातून त्याला दिसलं, की प्रशांत महासागरात ताहितीकडे दाब वाढला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडे उतरतो, आणि तिकडे वाढला की इकडे उतरतो. तराजूची पारडीच जणू. या झोक्याला त्यानं 'दक्षिणी आंदोलन' म्हटलं. ज्या पावसाच्या भाकितासाठी हा खटाटोप केला, ते काही त्यातून नीटसं हाती आलं नाही. मला हे अपयश त्याच्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पारडी का झुलतात, हे १९६९ साली याकोब बियर्कनेस यानं समुद्राशी सांधा जोडून दाखवलं. परातीत पाणी घेऊन एका बाजूनं सतत फुंकर मारत राहा, पाणी पलीकडच्या काठाशी चढतं. प्रशांत महासागरावर पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे हेच करतात. वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे लोटलं जातं, तिथली समुद्राची पातळी अर्ध्या मीटरच्या आसपास जास्त असते. पेरूच्या किनाऱ्याशी त्याची जागा खालून आलेलं गार पाणी घेतं. गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, ती हवा वरून पूर्वेकडे जाऊन गार पाण्यावर खाली उतरते. या रहाटाला बियर्कनेसनं वॉकरचंच नाव दिलं. काही वर्षांनी वारे ढिले पडतात, परातीतलं पाणी मागे सरतं, गरम पाण्याबरोबर ढगांचा कारखाना मध्य प्रशांताकडे हलतो. मग इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या पट्ट्यावर हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

या उलटफेराला मिळालेलं अल निनो हे नाव पेरूच्या कोळ्यांचं. नाताळच्या सुमाराला पाणी कोमट होऊन मासळी कमी होई, म्हणून त्याला त्यांनी बाळ येशूचं नाव दिलं. १९७२ साली तिथली अँचोव्ही मासळी बसली. त्याच वर्षी इकडे बहात्तरचा दुष्काळ होता. खडी फोडणारे हात, सुकडी, परदेशातून आलेला मिलो आणि रोजगार हमी योजना, हे सगळं ज्या सालाशी जोडलेलं, तेच साल. मासळीची भुकटी मिळेना, तेव्हा जनावरांच्या खाद्यासाठी जगाची नजर सोयाबीनकडे वळली. आज मराठवाड्याचा खरीप त्याच सोयाबीनवर उभा आहे. पहिल्याचा दुसऱ्याशी थेट धागा आहे असं मी म्हणणार नाही, पण योगायोग विसरता येत नाही. आणि मृग लागला, की आपल्याकडे बांधावर जो प्रश्न विचारला जातो, त्यातही त्या देशाचं नाव आहेच: पेरू, की थांबू?

इथवर हिशेब सरळ वाटतो. तिकडे समुद्र तापला, इकडे पाऊस गेला. मग १९९७ आलं. विसाव्या शतकातला सर्वांत जोरदार अल निनो, आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. शास्त्रज्ञ चक्रावले. हे नातं आता सैल झालं की काय, अशी चर्चा सुरू झाली. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, मध्यमसा अल निनो होता. वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली उभं राहिलेलं पावसाच्या भाकिताचं १६ घटकांचं प्रारूप तोवर चांगलं चाललं होतं. त्यानं १०१ टक्के सांगितले. जुलै निम्माही ओला झाला नाही म्हणायला हरकत नाही, आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. पुढच्याच वर्षी खात्यानं प्रारूप बदललं. गोवारीकरांवर तेव्हा टीका झाली. पण भाकीत चुकलं की माणसाला धरायचं आणि पाऊस चुकला की नशिबाला, ही आपली जुनी खोड.

उत्तराचा एक भाग पुण्यातूनच आला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की समुद्र किती तापला यापेक्षा कुठे तापला हे महत्त्वाचं. १९९७ साली सर्वाधिक ताप पेरूच्या बाजूला होता. २००२ मध्ये तो मध्य प्रशांतात होता, म्हणून हवा नेमकी आपल्या डोक्यावर बसली. दुसरा भाग आपल्याच अंगणात होता. हिंदी महासागराचा पश्चिम भाग जास्त तापला आणि सुमात्राकडचा गार पडला, तर आपल्याकडे बाष्पाची आवक वाढते. ही 'द्विध्रुव' स्थिती १९९९ साली साजी, यामागाता आणि सहकाऱ्यांनी मांडली. १९९७ मध्ये ती जोरात होती.

पण तीही पिकाची हमी देत नाही. २०१९ चा जून ३३ टक्के तुटीचा गेला. नंतर द्विध्रुवानं इतका जोर धरला, की हंगाम ११० टक्क्यांवर गेला आणि मान्सून ९ ऑक्टोबरला परतायला लागला, नोंदीतल्या इतर कुठल्याही वर्षापेक्षा उशिरा. पाठोपाठ अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं. कापून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले. त्या वर्षीचा ११० हा आकडा कागदावर किती देखणा दिसतो!

इथं खरी अडचण येते. देशाची सरासरी कुणाच्याच शेतात पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्या आत. कोकणाचा पाऊस अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीवर आदळून होतो, तो वाईट वर्षीही भाताची लाज राखतो. मराठवाड्याचं तसं नाही. सह्याद्री ओलांडून येईतो वारा रिकामा झालेला असतो. तिथं भरवसा बंगालच्या उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ करत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. ती वाटेत उत्तरेला वळली, की नागपुरात छत्र्या आणि बीडमध्ये धूळ. तमिळनाडूचा हिशेब तर उलटाच: तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतरचा, आणि अल निनोच्या वर्षी तो बहुधा वाढतो. २०१५ च्या अल निनोत मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षी करपला. डिसेंबरात चेन्नई बुडाली, आणि चार महिन्यांनी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

२०२३ मध्ये हंगामाचा आकडा ९४ टक्के होता, तसा काही भयंकर नाही. पण ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आश्लेषा गेल्या, मघा गेल्या, पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरायच्या बेतात असताना पडलेला हा खंड सप्टेंबरचा पाऊस भरून काढू शकत नाही. सरकारनं पहिल्या फेरीत ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

असे खंड आणि झडी ठरवण्यात विषुववृत्ताभोवती साधारण ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे फिरणाऱ्या ढगांच्या लाटेचा मोठा हात असतो. मॅडन आणि ज्युलियन यांनी ती १९७१ साली ओळखली. ती हिंदी महासागरावर असेल तर अल निनोच्या वर्षीही झड लागते, पुढे सरकली तर उघडीप पडते. एप्रिलमध्ये जाहीर होणाऱ्या आकड्यात ती नसते, दोन-तीन आठवडे आधीच काय ते तिचं पाऊल ऐकू येतं. अल निनोचाही अंदाज मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत डळमळीत असतो, आणि आपण त्याच महिन्यांत बियाण्याच्या पिशव्या बुक करतो.

कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पर्जन्यमापक बहुधा महसूल मंडळाच्या गावी, शेत चार कोसांवर. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीनंतर माणूस वाफशाची वाट बघत बांधावर उकिडवा बसतो, हातानं माती उकरतो आणि ओल वीतभर खाली गेली का ते बघतो.