‘बुडाले तर?’ : शेठ वालचंद हिराचंद आणि जोखमीचा जमाखर्च

व्यापारी घराण्यात नव्या कल्पनेचे स्वागत बहुधा एकाच प्रश्नाने होते : ‘आणि बुडाले तर?’ हा प्रश्न भित्रेपणाचा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घराने तीन पिढ्या खपून पेढीची पत उभी केली, ज्या पेढीवर विसंबून गावातील एखाद्या विधवेने आपली पुंजी ठेवली, त्या घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र हा प्रश्न दोन हेतूंनी विचारला जातो. कोणी नवे काम टाळण्यासाठी विचारतो. तर कोणी, बुडाल्यास भार कोणी आणि कसा उचलायचा हे आधीच ठरवून मग कामास हात घालण्यासाठी विचारतो. पहिल्या हेतूने पेढी फार तर होती तशी राहते. दुसऱ्या हेतूने काय घडू शकते, हे सोलापूरच्या एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबातून निघालेल्या उद्योगपतीच्या चरित्रात पाहावयास मिळते. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव.

पेढीबाहेरचे पहिले पाऊल

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. समाजसुधारणेची त्यांना विलक्षण तळमळ होती, आणि ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. अशा घरातील मुलाने पेढीवर बसावे, हिशेब शिकावा आणि वडिलांचा व्यवहार वाढवावा, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे काही काळ शिकून, पदवी पूर्ण न करताच वालचंद घरच्या व्यवहारात आले. परंतु पेढीच्या ठरलेल्या कामात त्यांचे मन रमेना.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, कोणत्या कामास किती माणूस व किती माल लागतो, हे त्यांना ठाऊक होते. परंतु भांडवल नव्हते. वालचंद यांच्यापाशी घराण्याची पत होती; परंतु त्या धंद्याचे ज्ञान नव्हते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळच्या रूढ चाकोरीबाहेरची होती. नातेगोते पाहून भागीदार निवडण्याच्या काळात वालचंद यांनी ज्याला काम कळते तो भागीदार निवडला. त्यांच्या आयुष्यातील पहिला नवोपक्रम हाच म्हणावा लागेल.

मक्त्याच्या धंद्याने त्यांना जबाबदारीचा अर्थ शिकवला. सावकारीत चूक झाली तर व्याज बुडते. मक्त्यात चूक झाली तर अनामत जाते, दंड बसतो, आणि पुढचे काम मिळत नाही. वालचंद यांच्या नेतृत्वाखाली पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले गेले, मुंबईला तानसाचे पाणी आणणाऱ्या नळांचे काम झाले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. डोंगराच्या पोटात शेकडो मजूर उतरवणाऱ्या माणसाला ‘बुडाले तर?’ या प्रश्नात केवळ पैसा दिसत नाही, माणसेही दिसतात.

समुद्रावरची परीक्षा

वालचंद यांची खरी कसोटी लागली ती समुद्रावर. हिंदी माणसाने जहाजाच्या धंद्यात पडू नये, असे सांगणारी दोन ताजी उदाहरणे तेव्हा व्यापाऱ्यांपुढे होती. जमशेटजी टाटा यांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साह्याने चीन-जपानकडे जाणारी जहाजसेवा सुरू केली, पी. अँड ओ. या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडे पाडले आणि टाटांना ती बंद करावी लागली. १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने तिकिटांचे दर कोसळवले, १९०८ मध्ये पिळ्ळै यांना तुरुंगात जावे लागले आणि १९११ पर्यंत कंपनी गुंडाळली गेली. तेव्हा १९१९ मध्ये ‘बुडाले तर?’ असे विचारणारा माणूस कल्पनेतल्या भीतीविषयी बोलत नव्हता. दोन बुडालेली खाती त्याच्यासमोर उघडी होती.

महायुद्ध नुकतेच संपले होते आणि जगभर जहाजांची टंचाई होती. अशा वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकाऊ आहे, ही बातमी वालचंद यांना आगगाडीच्या प्रवासात कळली, अशी हकीगत सांगितली जाते. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने १८९१ मध्ये बांधलेले हे जहाज युद्धकाळात तरंगते रुग्णालय म्हणून वापरात होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मातब्बर व्यापाऱ्यांसह वालचंद यांनी ते घेतले. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनच्या दिशेने नांगर उचलला.

या धाडसास तिघांकडून तीन प्रकारचे उत्तर मिळाले. प्रतिस्पर्ध्याने जुनेच शस्त्र उपसले. ब्रिटिश इंडिया ही कंपनी १९१४ पासून पी. अँड ओ. बरोबर एकत्र आली होती आणि तिची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती होती. तिने किनाऱ्यावरील मालवाहतुकीचे भाडे पाडले. परकीय सरकारचा कल ब्रिटिश कंपन्यांकडेच होता. तिसरे उत्तर बाजाराचे होते. युद्धानंतरची तेजी ओसरताच १९२१ च्या सुमारास जगभर जहाजभाडे उतरले. भागधारकाला देशाभिमान कळतो, पण त्याच्या घरचा खर्च लाभांशावर चालतो. सभेत टाळ्या वाजवणारा माणूस वर्षअखेरीस ताळेबंद उलगडून पाहणारच, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

माघारीची जबाबदारी

१९२३ मध्ये सिंदिया कंपनीने ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. भाडेयुद्ध थांबले, परंतु त्याबदल्यात सिंदियाने आपल्या ताफ्यावर मर्यादा स्वीकारली आणि प्रवासी वाहतुकीपासून दूर राहण्याचे मान्य केले. स्वदेशीच्या नावाने उभ्या राहिलेल्या कंपनीसाठी हा कडू घोट होता. ज्या ‘लॉयल्टी’ने स्वप्न दाखवले, ते जुने व खर्चिक जहाजही त्याच वर्षी मोडीत निघाले.

धाडसाची वर्णने करताना बहुतेक चरित्रे हा प्रसंग चटकन ओलांडून जातात. वास्तविक नेतृत्वाचा कस इथेच लागतो. वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे दोन सोपे मार्ग होते. मानाचा प्रश्न करून भाडेयुद्ध चालू ठेवावे आणि भागधारकांचे भांडवल संपल्यावर परकीयांना दोष द्यावा, हा एक. प्रतिस्पर्ध्याला कंपनी विकून आपली रक्कम सोडवून घ्यावी, हा दुसरा. त्यांनी दोन्ही टाळून कमीपणा पत्करला आणि कंपनी जिवंत ठेवली. टाटांची जहाजसेवा आणि पिळ्ळै यांची कंपनी यांच्या वाट्याला जे आले, ते सिंदियाच्या वाट्याला आले नाही, त्याचे एक मोठे कारण हा अप्रिय करार होय. दुसऱ्याचा पैसा हाती असताना स्वतःचा मान किती ताणायचा, याचे भान त्यात आहे.

जहाजे मर्यादित राहिली तरी प्रयत्न थांबले नाहीत. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखण्याचे धोरण अखेर स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास आले. ‘लॉयल्टी’ निघाल्यापासून तीन दशके लोटली होती.

माळरान, विमान आणि गोदी

हाच धीर जमिनीवरही दिसतो. नाशिक जिल्ह्यातील रावळगावचे माळरान १९२३ मध्ये हाती घेतले गेले आणि तेथे साखर कारखाना उभा राहिला तो १९३३ मध्ये. मधली दहा वर्षे खडक फोडण्यात, पाणी आणण्यात आणि ऊस लावण्यात गेली. १९३२ मध्ये सरकारने साखरधंद्यास संरक्षण दिले, तेव्हा अनेकांनी कारखाने काढले. वालचंद यांचा ऊस तोवर शेतात उभा होता. इंदापूर तालुक्यात नीरा कालव्याच्या पाण्यावर वालचंदनगर वसले. या नोंदीला दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रातील खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनींचा प्रश्न १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कित्येक दशके गाजत राहिला. उद्योगाची जबाबदारी संस्थापकाच्या हयातीबरोबर संपत नाही, हे त्यावरून ध्यानी यावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एकाच वेळी मोटार, विमान आणि जहाजबांधणी या तिन्ही गोष्टींना हात घातला. मोटार कारखाना युद्धास आवश्यक नाही, असे म्हणून सरकारने साह्य नाकारले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडल्या. विमानासाठी अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांचे ज्ञान आणि म्हैसूर संस्थानची जमीन व भांडवल जोडून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. ज्याला काम कळते त्याला जोडीला घ्यावे, हा फाटकांच्या वेळचाच धडा येथे पुन्हा गिरवला गेला. दुसऱ्याच वर्षी तेथे पहिले विमान तयार झाले. १९४२ मध्ये मात्र केंद्र सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने देश ज्या उद्योगाला ओळखतो, त्याचे मूळ त्या कारखान्यात आहे.

गोदीची कथाही अशीच. कोलकात्यास मनाजोगी जागा मिळेना, म्हणून विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. दहा महिन्यांच्या आत त्या बंदरावर जपानी बाँब पडले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे तेथे बांधलेले पहिले जहाज पाण्यात उतरले. १९५२ मध्ये सरकारने गोदीचा मोठा हिस्सा घेतला आणि १९६१ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. वालचंद प्रकृती ढासळल्याने १९५० मध्ये निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या पेढीसाठी

हा सगळा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. विमानाचा कारखाना त्यांच्या हातून गेला, गोदी त्यांच्या मागे गेली, पहिले जहाज चार वर्षांत भंगारात गेले. नफ्याच्या रकान्यात या नोंदी फार शोभून दिसत नाहीत. परंतु यांपैकी एकाही कामात त्यांनी जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्वतः अंग काढून घेतल्याचे दिसत नाही. भाऊ, भागीदार आणि सहकारी यांनी भार वाटून घेतला, म्हणूनच एक काम अडले तरी दुसरे चालू राहिले.

आज अनेक व्यापारी घरांत हाच संवाद नव्या शब्दांत चालू आहे. मुलगा किंवा सून म्हणते, घाऊक दुकान पुरे झाले, आता आपल्या नावाचा माल काढू, यंत्रे आणू, मोबाइलवरून विकू. वडीलधारे म्हणतात, बुडाले तर? अशा वेळी वडीलधाऱ्यांनी प्रश्न मागे घेऊ नये आणि तरुणांनी त्यास अडथळा मानू नये. दोघांनी मिळून तो कागदावर उतरवावा. या कामाचे ज्ञान कोणाला आहे आणि तो आपल्या नात्यातला नसला तरी भागीदार म्हणून चालेल का? किती वर्षे नफा न येता घर चालू शकेल? कोणाची ठेव, कोणाचा पगार, कोणाची उधारी या जोखमीत गुंतली आहे, आणि त्यांना ते सांगितले आहे का? कोणत्या टप्प्यावर माघार घ्यायची आणि ती जाहीर कोणी करायची? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर नव्या कामाला घरातून पाठबळ मिळेल. न मिळाली, तर ते काम काही काळ थांबवणेच इष्ट.

दरवर्षी ५ एप्रिलला देश राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाले, तो हा दिवस. नफ्याच्या हिशेबात ते जहाज तोट्याचेच ठरले. ते हाकारणाऱ्यांनी तोटा आपल्या खात्यावर घेतला आणि दुसरी जहाजे समुद्रात ठेवली.